नोकरी शोधताना ‘उठून दिसायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरी पाटी

नमस्कार मंडळी.

चार महिन्यांपूर्वी आमचा अख्खा विभाग बंद झाला. आठ वर्षं मी तिथे साठा आणि खरेदी बघत होते. तेव्हापासून ११२ ठिकाणी अर्ज केले (हो, वही ठेवली आहे). ५ मुलाखती झाल्या, ९ ठिकाणांहून ‘दिलगीर आहोत’ आलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो, गर्दीत उठून दिसलं पाहिजे. म्हणून दोन रकान्यांचा रंगीत बायोडेटा केला. कौशल्यांपुढे तारे काढले. एक्सेलला साडेचार तारे दिले. त्या अर्ध्या ताऱ्याचा अर्थ मलाही माहीत नाही. एका ठिकाणी तर दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. तो आता बघवत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आधीची नोकरी मी निवडलीच नव्हती. जे पहिले हो म्हणाले त्यांच्याकडे गेले आणि तिथेच राहिले. फार वाईट होती असं नाही, पण सुट्टी संपत आली की पोटात गोळा यायचा. पुन्हा तसं नको आहे. पण हे आत शिरायच्या आधी कळतं का? कसं?

फाटे फोडलेत तरी चालेल. फक्त ‘सकारात्मक राहा’ असं कुणी सांगू नका, हात जोडते.

चाळणी

चौदा वर्षं भरतीचं काम करतो आहे, आयडी त्यावरूनच घेतलाय. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

एका जागेसाठी दोनशे-तीनशे अर्ज समोर असतात, तेव्हा मी ‘वेगळा’ माणूस शोधत नसतो. ‘हे काम हिला जमेल’ असं ज्याच्याबद्दल वाटेल तो माणूस शोधत असतो. पहिल्या नजरेत मी शेवटचं पद, तिथला काळ आणि त्याखालच्या दोन-तीन ओळी बघतो. त्या ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. ‘जबाबदारी सांभाळली’, ‘समन्वय साधला’, ‘अहवाल तयार केले’. काय केलं ते त्यात कुठेच नसतं.

रकाने, तक्ते, तारे काढून टाका. अर्ज वाचणारी सॉफ्टवेअरं दोन रकाने कधीकधी आडवे वाचतात आणि डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या तारखांत मिसळतात. फोन नंबर पानाच्या शीर्षपट्टीत टाकला असेल तर तो गळूही शकतो. बाकी ‘संगणकच अर्ज फेकून देतो’ ही भीती मात्र अवास्तव आहे. मी वापरलेल्या प्रणालींत अर्ज आपोआप बाद व्हायचे ते मुख्यतः परवाना आहे का, त्या देशात काम करायची परवानगी आहे का, अशा हो-नाही प्रश्नांवर. पुढचं सगळं माणूसच शब्द टाकून शोधतो. म्हणून जाहिरातीत ‘खरेदी नियोजन’ लिहिलं असेल आणि तुम्ही तेच केलं असेल, तर तोच शब्द लिहा. तिथे समानार्थी शब्द शोधत बसू नका.

आता तुमच्या आठ वर्षांबद्दल बायोडेटात काय लिहिलंय ते इथे टाका बघू.

कोरी पाटी

“साठा व्यवस्थापन, पुरवठादारांशी समन्वय, मासिक अहवाल तयार करणे, वरिष्ठांनी सोपवलेली इतर कामे.”

टाइप करतानाच लाज वाटली.

चाळणी

लाजू नका, दहातल्या नऊ जणांचं असंच असतं. दोन प्रश्नांची उत्तरं द्या. तुम्ही तिथे गेलात तेव्हा काय बिघडलेलं होतं? आणि तुम्ही महिनाभर गेला नसतात तर सगळ्यात आधी बोंब कुणी मारली असती?

कोरी पाटी

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, दुरुस्ती विभागाने. त्यांना लागणारे सुटे भाग वेळेवर मिळत नसत.

पहिल्याचं जरा लांबलचक आहे. एकच भाग यादीत दोन-तीन नावांनी नोंदलेला असायचा. एकाने ‘गोल झडप ४०’ लिहिलेलं, दुसऱ्याने ‘झडप-४०-गोल’, तिसऱ्याने नुसता कंपनीचा क्रमांक. त्यामुळे एका नावाने माल संपलेला दिसायचा, आम्ही नवा मागवायचो आणि तोच भाग मागच्या फडताळात पडलेला असायचा. मला ते सहन होईना. जवळजवळ वर्षभर रोज थोडा वेळ काढून मी अख्खी यादी तपासली. ६,२०० नोंदी होत्या, त्या ४,७०० झाल्या. नाव कसं द्यायचं याचा एक पानी नियम करून भिंतीवर लावला. त्यानंतर दुबार मागण्या जवळपास थांबल्या. दुरुस्तीवाले स्वतःहून आभार मानायला आले होते, तेवढं एकदाच.

चाळणी

आणि हे तुम्ही बायोडेटात लिहिलंच नाहीत?

कोरी पाटी

ते माझं काम नव्हतं ना. कुणी सांगितलं नव्हतं, मीच करत बसले होते.

चाळणी

मग आता लिहा. “सुट्या भागांच्या ६,२०० नोंदी तपासून दुबार नोंदी काढल्या, यादी ४,७०० वर आणली, नावं देण्याची एकच पद्धत लावली, दुबार खरेदी जवळपास थांबली.” एवढी एक ओळ असेल तर मी फोन उचलतो. आकडा मोठा असायला हवा असं नाही, खरा हवा. मुलाखतीत मी त्यावरच खोदणार, आणि तुम्ही तेव्हा ज्या उत्साहाने बोलाल तसं साडेचार ताऱ्यांबद्दल बोलता येणार नाही.

शंकासुर

वाचून बरं वाटलं, पण जरा वास्तवात या. ओळी कितीही घासूनपुसून लिहा, नोकऱ्या ओळखीनेच मिळतात. ज्याचा काका आत त्याचं घोडं गंगेत न्हालं. बाकीच्यांनी वही भरत राहावी.

मुळाक्षर

शंकासुर, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, पण काकाबद्दलचं अर्धं चुकतंय.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने यावर १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्याने विचारलं की ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८ टक्के. म्हणजे नोकरीची बातमी बहुतेकांना जिवलगाकडून नाही, लांबच्या ओळखीतून आली होती. कारण साधं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो.

तो नमुना लहान होता, खरं आहे. पण २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले, त्यांचाही रोख तोच निघाला. एक दुरुस्ती मात्र झाली. अगदीच तुटपुंजी ओळख तितकी उपयोगी नाही. मध्यम-कच्ची ओळख सगळ्यात कामाची.

को.पा., आठ वर्षांत तुम्ही किती पुरवठादारांशी, वाहतूकवाल्यांशी, लेखापालांशी बोलला असाल! ती यादी काढा.

कोरी पाटी

तीन वर्षं ज्यांच्याशी बोलले नाही त्यांना एकदम काय लिहू? काम पडलं की आठवण आली, असं वाटेल.

उशिराची गाडी

मलाही हाच संकोच होता. वयाच्या ४३व्या वर्षी क्षेत्र बदललं तेव्हा अशा एकोणीस जणांना लिहिलं. अकरा जण बोलले. एकानेही टोमणा मारला नाही, उलट दोघं म्हणाले, ‘बरं झालं, तुमच्यामुळे बोलणं तरी झालं.’ माझा मजकूर साधारण असा असायचा:

“नमस्कार. त्या पुरवठ्याच्या गोंधळात आपण आठवडाभर फोनवर होतो, आठवत असेल. मी सध्या नवं काम शोधते आहे. तुमच्याकडे या प्रकारचं काम हल्ली कसं चालतं, कुठली माणसं लागतात, हे समजून घ्यायचं होतं. या आठवड्यात वीस मिनिटं बोलता येईल का? जमलं नाही तरी हरकत नाही.”

‘जागा आहे का’ विचारलं की समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. काम कसं चालतं विचारलं की माणूस बोलतो. आणि फोन ठेवण्याआधी ‘आणखी कुणाशी बोलू?’ हे न विसरता विचारायचं. माझी नोकरी या प्रश्नातून मिळालेल्या तिसऱ्या माणसाकडून आली.

नवखा_२३

काका-मावश्यांनो, मध्येच घुसतोय. मी आत्ताच शिक्षण संपवलं. माझ्याकडे ना ६,२०० नोंदी, ना लांबच्या ओळखी. प्रत्येक जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव’. मी काय दाखवू?

उशिराची गाडी

नवख्या, तुला मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगते. विज्ञानातलं माझं ज्ञान यथातथाच आहे, पण ही गोष्ट नोकरीची आहे.

फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता, शालेय शिक्षण जेमतेम. १८१२ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांना जायला मिळालं. त्याने सविस्तर टिपणं काढली, आकृत्यांसह ती नीट उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. सोबत कामाची विनंती. ‘मी मेहनती आणि जिज्ञासू आहे’ असं सांगावं लागलंच नाही, ते त्या बाडात दिसत होतं. डेव्ही प्रेमाने भेटला आणि म्हणाला, जागा नाही, बांधणीचं काम सोडू नकोस. मग काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं आणि डेव्हीला फॅरेडे आठवला. मार्च १८१३ मध्ये तो रुजू झाला.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ असा. शंभर ठिकाणी तोच कागद पाठवण्यापेक्षा पाच जागा निवड आणि त्यांच्या कामाशी संबंधित काहीतरी छोटं करून पाठव. त्यांच्या सार्वजनिक आकडेवारीचा एक पानी आढावा असेल, वापरताना सापडलेल्या त्रुटींची नोंद असेल.

शंकासुर

थोडक्यात, आधी मारामारी व्हावी लागते.

उशिराची गाडी

हो, व्हावी लागते! ती आपल्या हातात नसते. पण झाली तेव्हा डेव्हीला आठवेल असं नाव एकच होतं.

चाळणी

@नवखा, यात एक सावधगिरी बाळग. स्वतःहून केलेलं छोटं काम वेगळं आणि त्यांनी ‘चाचणी’ म्हणून आठवडाभर राबवून घेणं वेगळं. दोन-तीन तासांपेक्षा जास्त लागणार असेल तर ‘याचा वापर कुठे होणार?’ असं सरळ विचार. ते प्रत्यक्ष वापरणार असतील तर मोबदला मागण्यात गैर काही नाही. आणि नोकरी देण्यासाठी उलट तुझ्याकडेच पैसे मागणारा माणूस दिसला तर विचारविनिमयसुद्धा करू नकोस, तो ठग आहे.

मुलाखतीबद्दलही सांगून टाकतो. निवडीच्या पद्धतींवर झालेल्या संशोधनाचा २०२२ मध्ये मोठा फेरआढावा घेतला गेला. सगळ्यांना तेच प्रश्न, तीच गुणपद्धत अशी आखीव मुलाखत त्यात अव्वल ठरली. ‘गप्पा मारून अंदाज घेतो’ म्हणणाऱ्यांचा अंदाज त्यामानाने बराच चुकतो (आमच्यातल्या कितीतरी जणांना हे अजून पटलेलं नाही, असो). आखीव मुलाखतीत ‘असा प्रसंग सांगा जेव्हा…’ असेच प्रश्न येतात. त्यासाठी सहा-सात खरे प्रसंग तयार ठेवायचे. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं. लोक परिस्थितीतच चार मिनिटं घालवतात आणि ‘मी काय केलं’ याला अर्धं वाक्य देतात. ते उलटं करा. आणि एक प्रसंग फसलेला असू द्या. ‘माझा दोष म्हणजे मी फार परिपूर्णतेचा आग्रह धरतो’ हे ऐकून कान किटले आहेत.

रात्रपाळी

यंत्रांच्या देखभालीत आहे, आता पाळी संपवून लिहितोय.

तुमचा दुसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही. पण मला आधी एक विचारायचंय. कामात समाधान मिळालंच पाहिजे का? माझं काम मला आवडतं असंही नाही, नावडतं असंही नाही. पगार वेळेवर होतो, पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी कळतं, साहेब अंगावर ओरडत नाही. दुपारी मी बासरी शिकतो. माझं समाधान तिथे आहे. चार महिने बिनपगारी असलेल्या बाईला ‘आवडीचं काम शोधा’ सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

कोरी पाटी

रात्रपाळी, हे लिहिलंत ते बरं केलंत. शिल्लक अजून तीन महिन्यांची आहे, मग मिळेल ते घ्यावं लागेल. पण मला आवडीचं नको आहे हो, पोटात गोळा न आणणारं पुरे.

मुळाक्षर

रात्रपाळींचा मुद्दा संशोधनाशीही जुळतो. १९९७ च्या एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं की तुमचं काम तुमच्यासाठी काय आहे? पोटापाण्याचं साधन, वर चढायची शिडी की जिवाभावाचं काम? त्यात कार्यालयीन सहायकांचा एक लहान गट होता, २४ जणांचा. पद सगळ्यांचं जवळपास सारखंच. तरी ते तिन्ही प्रकारांत साधारण सारखे विभागले गेले. म्हणजे पदाच्या नावावरून समाधान कळत नाही.

पण कामाच्या रचनेवरून बरंचसं कळतं. १९७६ मध्ये हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी पाच गोष्टी मांडल्या: कामात विविधता आहे का, एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून पूर्ण होतं का, त्याने कुणाला फरक पडतो का, कसं करायचं ते आपण ठरवू शकतो का, आणि बरं झालं की वाईट हे आपल्याला कळतं का. को.पा., तुमची ती यादी याला लावून बघा. पूर्ण तुमची होती, कशी करायची ते तुम्हीच ठरवलंत, दुरुस्तीवाल्यांना फरक पडला आणि ते येऊन सांगून गेले. आणि उरलेल्या कामात, ‘वरिष्ठांनी सोपवलेली इतर कामे’ करताना, यातलं काय होतं?

कोरी पाटी

काहीच नाही.

हे वाचून थोडा वेळ नुसती बसले होते. खरं सांगायचं तर त्या वर्षभरात गोळा यायचा नाही. लक्षातच आलं नव्हतं.

चाळणी

मग मुलाखतीत हेच काढून घ्यायचं. ‘तुमच्याकडे वातावरण कसं आहे?’ विचारू नका, सगळे ‘कुटुंबासारखं’ म्हणतात. त्यापेक्षा: गेल्या आठवड्यात या जागेवरच्या माणसाने नेमकं काय केलं? काय ठरवायला त्याला सही घ्यावी लागते? सहा महिन्यांनी तुम्ही कशावरून म्हणाल की हिला घेतलं ते बरं झालं? आधीची व्यक्ती का गेली? आणि शक्य असेल तर जिथे बसायचं ती जागा दहा मिनिटं बघू द्या म्हणा. लोक एकमेकांना काही विचारताना कचरतात का, ते चालता चालता दिसतं. शितावरून भाताची परीक्षा.

हेच प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर तिथे काय काम आहे ते त्यांनाच माहीत नाही.

रात्रपाळी

आणि वेळापत्रक लेखी घ्या. ‘गरजेनुसार’ हा शब्द दिसला की सावध.

मुळाक्षर

एक राहिलं. चार महिन्यांचा राग साचला असेल तर तो लिहून काढा, फक्त स्वतःसाठी. १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या ६३ जणांवर एक अभ्यास झाला. काहींनी सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी गेल्याबद्दल मनात येईल ते लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यातल्या जास्त जणांना नोकरी लागली, आणि त्यांनी अर्ज काही इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. संशोधकांचा अंदाज असा की मुलाखतीत त्यांच्या बोलण्यातून कडवटपणा डोकावत नसावा. अभ्यास लहान आहे, पण वहीचं एक पान खर्च होतं, बस.

शंकासुर

को.पा.ना वहीची सवय आहेच. (हे कौतुक आहे.)

कोरी पाटी

सहा आठवड्यांनी धागा वर काढते आहे. बरेच जण खासगी निरोप पाठवून विचारत होते.

बायोडेटा एका रकान्याचा, काळ्या शाईचा केला. चौदा जणांना लिहिलं, आठ जण बोलले. पहिल्या दोन फोनवर आवाज थरथरत होता, नंतर चक्क मजा यायला लागली. नवे अर्ज फक्त अकरा केले, त्यातून तीन मुलाखती.

पहिल्या ठिकाणी निवड झाली होती. तिथे चाळणींचा प्रश्न तिघांना विचारला, ‘सहा महिन्यांनी काय बदललेलं हवं?’ एक म्हणाले खर्च कमी, दुसरे म्हणाले नवी प्रणाली बसवायची, तिसरे म्हणाले ‘तसं काही नाही, आहे ते सांभाळा.’ आधीची व्यक्ती का गेली याचं उत्तर मिळालं नाही, विषय बदलला. दोन रात्री झोप नाही, शिल्लक डोळ्यांपुढे. शेवटी नाही म्हटलं. हा शहाणपणा होता की माज, ते तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्यांनी मलाच नाही म्हटलं. तिसरी जागा एका वाहतूकवाल्यांनी सुचवलेल्या बाईंकडून कळली, जाहिरात नंतर आली. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे, तो वाढवून मागितला, थोडा वाढला. रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तसं वेळापत्रक लेखी घेतलं. साहेब कसे आहेत ते अजून नीट कळलेलं नाही.

काल दुसरा दिवस होता. साठ्याची यादी उघडली. एकच पट्टा तीन नावांनी नोंदलेला. मी एकटीच हसत बसले होते, शेजारच्याने विचारलं, बरं आहे ना?

नवखा_२३

ताई, अभिनंदन!! माझंही एकीकडे दुसऱ्या फेरीपर्यंत गेलंय, सविस्तर नंतर लिहितो.

शंकासुर

अभिनंदन. आधीच्या माणसाची मारामारी झाली होती का?

कोरी पाटी

नाही हो. निवृत्त झाले. दर गुरुवारी फोन करतात, झडपा कुठे ठेवल्या आहेत ते सांगायला.